नियमाचे प्रयोजन आणि सत्यधर्म

ज्या नियमाचे प्रयोजन लोप पावले आहे तो, केवळ दप्तरात जिवंत आहे एवढ्याच कारणाने, मनुष्याच्या सदसद्विवेकाला बांधू शकतो काय, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटला, तरी मूलतः तो धर्माचा आहे. आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवतसारख्या गावी, जेथे तुकोबांची पालखी दरवर्षी मुक्कामास उतरते, तो टाळता येण्यासारखा नाही. वडिलोपार्जित सावकारीतील आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ऋण खरे होते, कागदही खरे होते. तरीही ते कागद माणसांच्या जिवावर उठू देणे त्यांना मान्य झाले नाही.

यवत पूर्वी ज्या भीमथडी तालुक्यात मोडत असे, त्याच तालुक्यातील सुप्यास १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता; हाती लागलेले दस्त आणि वह्या त्यांनी जाळल्या. जो मजकूर आपल्याला वाचता येत नाही त्याखाली निशाणी करून, आणि ज्या अदालतीची रीत आपल्याला उमगत नाही तिच्या हुकुमाने जमिनीला मुकून, ही माणसे त्या टोकाला आली होती. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला: दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, कज्जा कोर्टात जाण्यापूर्वी तडजोडीचा यत्न व्हावा, आणि न्यायाधीशाने केवळ रोख्यावर विसंबून न राहता कर्जाचा मूळ इतिहास तपासावा. दंग्यानंतर सुचलेले हे शहाणपण आधी का सुचू नये?

अलीकडचे उदाहरण तुकडेबंदीचे घ्यावे. शेतीचे तुकडे पडून ती न परवडणारी होऊ नये, या सद्धेतूने १९४७ साली केलेला हा कायदा त्या काळी योग्यच होता. परंतु पुण्याचा विस्तार सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे सरकू लागला, गुंठा-दोन गुंठ्यांवर घरे उभी राहिली, आणि जागा कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान म्हणून ज्यांचे खरेदीखत नोंदता येईना त्यांनी नुसत्या मुद्रांकाच्या कागदावर विश्वास ठेवला. घर डोळ्यांना दिसते, घरात लेकरे वाढतात, पण सातबारा तेथे शेतच दाखवतो. २०२३ साली जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र वीस गुंठे आणि बागायतीचे दहा गुंठे केले गेले, ही इष्ट सुधारणा होय. मात्र गुंठाभर जागेत राहणाऱ्याला ती पुरली नाही. माझ्या मते कालबाह्य नियमाचा खरा दोष गैरसोय हा नव्हेच. तो सरळमार्गी माणसाला असत्यात राहावयास लावतो, आणि एकदा असत्य अंगवळणी पडले की जिवंत, न्याय्य नियमांविषयीचा आदरही ओसरतो.

नियम बदलणे म्हणजे परंपरेशी द्रोह, असे मानणाऱ्यांनी आपल्याच धर्मशास्त्राकडे पाहावे. पूर्वी विहित असलेला नियोगासारखा (निपुत्रिक स्त्रीने पतीखेरीज नेमलेल्या पुरुषापासून संतती मिळवण्याचा) आचार धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, ठरवून बाजूला सारला. पराशरस्मृतीने तर प्रत्येक युगाचा धर्म निराळा मानला. त्या सर्वच निर्णयांशी आपण सहमत होऊ असे नाही. कलिवर्ज्यांतीलच समुद्रप्रवासाच्या निषेधाने समाजाचे नुकसानच केले. तथापि, काळ पाहून नियम तपासण्याचा अधिकार त्यांनी उघडपणे वापरला, आणि तो वापरताना कारणमीमांसा केली, हे महत्त्वाचे आहे.

येथे एक भय मला मनापासून वाटते. सुलभीकरणाच्या उत्साहात ज्या विलंबाने दुर्बळाचे रक्षण होते तो विलंबही आपण छाटून टाकू. वारसाचा फेरफार मंजूर होण्यापूर्वी चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवावे लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. घाईत असलेल्या भावाला ते दिवस जड वाटतील. सासरी गेलेल्या बहिणीला आपल्या हक्काची वार्ता पोचण्यास तेवढाच अवधी असतो. म्हणून कोणता नियम काढावा आणि कोणता राखावा, हे केवळ मंत्रालयात ठरू नये. तो ग्रामसभेत साध्या मराठीत वाचून दाखवावा, मूळचे प्रयोजन सांगावे, ते आज उरले आहे काय असे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्यांत त्या बहिणीलाही बोलवावे.