टाळ आधी, अर्थ मागाहून

मुलांना धर्म शिकवायचा तर त्यासाठी वेगळा वर्ग, वेगळे पुस्तक आणि ठरलेली वेळ हवी, ही कल्पना मराठी मुलुखात फार जुनी नाही. पूर्वी ठरीव शिक्षणाची वाट एकच होती. मुंज झालेल्या मुलाने संध्या, स्तोत्रे आणि जमल्यास वेद पाठ करायचे. ही वाट मोजक्या जातींच्या मुलग्यांपुरती होती. मुली आणि बाकीचा सारा समाज जे शिकला ते मोठ्यांच्या मागे उभे राहून.

हे मागे उभे राहणे सोलापूर जिल्ह्यात आजही पाहायला मिळते. कुर्डुवाडी आणि माढा तालुक्यातली गावे म्हणजे पंढरीचे अंगणच. संध्याकाळी देवळात हरिपाठ उभा राहिला की सहा-सात वर्षांचे पोर ओळीच्या टोकाला जाऊन थांबते. कोणीतरी त्याच्या हाती टाळ देतो. आधी पावली जमते, मग चाल, मग ध्रुपद. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग असे ऐकून ऐकून तोंडी बसतात. पोर चुकले तर त्याला कोणी थांबवत नाही. शेजारचा टाळकरी आपला टाळ जरा जोरात वाजवतो, एवढेच. अर्थ कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. पुढे सप्ताहातल्या एखाद्या कीर्तनात बुवा त्यातलाच अभंग सोडवून दाखवतात, तेव्हा वर्षानुवर्षे पाठ असलेले शब्द पहिल्यांदा उलगडतात. या पद्धतीत शिकवणारा आणि शिकणारा असे दोन गट नसतात. मोठी माणसे स्वतःसाठी भजन करतात आणि पोरे त्यात सामील होतात.

मूल्यांचे काम गोष्टी करत. कुर्डुवाडीजवळच्या लऊळला कूर्मदासांची समाधी आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून सरपटत पंढरीला निघाला आणि लऊळला पोहोचल्यावर त्याच्याने पुढे जाववेना. तेव्हा विठ्ठलच ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन त्याच्या भेटीला निघाले. वाटेत अरणला सावता माळ्याने देवाला आपल्या पोटात लपवले, असे परंपरा सांगते. मळ्यातले कामच ज्याची पूजा, तो हा सावता. अपंगाची जिद्द, श्रमाची प्रतिष्ठा आणि देवानेच भक्ताकडे चालत यावे ही उलटी रीत, एवढे सगळे या एका कथेत आहे, आणि तात्पर्य म्हणून त्यातले काहीही वेगळे काढून सांगितलेले नाही. शिवाय दोन्ही गावे मुलाला बोट धरून दाखवता येतात. ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि संतांच्या अशा कथा घरोघरच्या पोथीवाचनात गेल्या. दिवेलागणीची शुभंकरोती, समर्थांचे मनाचे श्लोक, आजीच्या जात्यावरच्या ओव्या हा घरचा भाग. तोही कानांनीच शिकायचा.

कुर्डुवाडीच्या इतिहासातल्या एका घटनेने वारीतल्या चालण्या-ऐकण्याला निराळे वळण दिले. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९०६ मध्ये तिची वाट पंढरपूरपर्यंत गेली. मुख्य मार्गावरच्या या स्टेशनाचे नाव तेव्हा बार्शी रोड होते. इथे मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत चढायचे, की पंढरपूर पन्नासेक किलोमीटर. ज्यांना पायी वारी झेपत नव्हती अशा लेकुरवाळ्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना विठ्ठल जवळ आला. पण दिंडीत पायी निघालेले पोर वाटेत जे पंधरा-वीस दिवस ऐके, ते गाडीतल्या पोराला मिळत नाही. दर्शन होते, सहवास सुटतो. याचा दोष रेल्वेला देणे वेडेपणाचे; तरी उपदेशासाठी वेगळी सोय करावी लागण्याची गरज इथूनच दिसू लागते.

वारकरी परंपरेतली पहिली ठरीव सोय १९१७ सालची. विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, ज्ञानेश्वरी, गाथा, जोडीला संस्कृत. हेतू कीर्तनकार घडवण्याचा होता, सर्व मुलांवर संस्कार करण्याचा नव्हे. हा फरक पुढे पुसट होत गेला. आज आळंदीत लहान मुलांना ठेवून घेणाऱ्या खासगी संस्था खूप झाल्या आहेत आणि तिथल्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही पुढे आला आहे. गुरूच्या घरी मूल सोडण्याची जुनी श्रद्धा तपासणीवाचून चालवता येत नाही, हे समाजाला उशिरा उमगले.

विचाराला खरी कलाटणी दिली ती साने गुरुजींनी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी टिपून घेतली, पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. इथे गुरू म्हणजे आई आणि पाठ रोजच्या घरकामातला. त्यातला एक प्रसंग फार बोलका आहे. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊ न शकणाऱ्या महार म्हातारीला मोळी उचलून दे, असे आई श्यामला सांगते आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. दया आणि विटाळ एकाच वाक्यात. ती आई त्या काळाची होती. तिचा मुलगा मात्र आंघोळीपाशी थांबला नाही. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. आईच्या शिकवणीतला एक भाग घेऊन तिचाच दुसरा भाग ओलांडणे, हे संस्कारांच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण नाकारले. शाळेत राहिला तो परिपाठ: प्रार्थना, सुविचार, बोधकथा. घरही लहान झाले. कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावात बदलीवर आलेल्या कुटुंबाचे कुलदैवत एकीकडे, आजी-आजोबा दुसरीकडे. ही पोकळी संस्कारवर्गांनी भरली. पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवाराची आणि दिंडोरी प्रणीत स्वामी समर्थ मार्गाची बालसंस्कार केंद्रे, गीता परिवाराची पाठांतरे, उन्हाळ्याच्या सुट्टीतली वारकरी बालशिबिरे. इथे मुलींना मुलांइतकीच जागा आहे, आणि जुन्या वाटेवर हे नव्हते. उच्चार शुद्ध होतात, अर्थही सांगितला जातो. उणे पडते ते एवढेच, की आईबाप मुलाला दारात सोडून परत जातात. मूल अध्याय म्हणून दाखवते, बक्षीस मिळवते. मोठ्यांपैकी कोणी स्वतःसाठी तो म्हणताना त्याला दिसत नाही.

चौदा-पंधरा वर्षांचे झाले की बहुतेक मुले या वर्गांतून गळतात. दहावीचे निमित्त असते, पण तेवढेच कारण नसते. पाळीच्या दिवसांत देवघरात का जायचे नाही, सगळे सारखे तर गावात वस्त्या वेगळ्या का, नवस फेडला नाही तर देव कोपतो का, हे प्रश्न याच वयात पडतात आणि पाठांतराच्या वर्गात त्यांना तास नसतो. काही कीर्तनकार असे प्रश्न सप्ताहात उघडपणे घेतात आणि चोखामेळा, कान्होपात्रा, सावता यांच्या चरित्रांतून त्यांची उत्तरे शोधतात. मंगळवेढा आणि अरण ही तिघांची गावे याच जिल्ह्यातली. तिथे सहल नेऊन हे प्रश्न त्यांच्या गावातच काढायला कोणत्याही अभ्यासक्रमाची परवानगी लागत नाही.