मुक्या जिवाचे देणे

दया कोणावर करावी? गाय हंबरते, लेकरू रडते, तेव्हा काळीज आपोआप हलते. पण ज्याला डोळा नाही, आवाज नाही, जागचे हलताही येत नाही, त्याचे काय? अंगठीतले पोवळे आपण खडा समजतो. अहो, तो खडा नव्हे. बारक्या जिवांनी चुना साठवून बांधलेला तो सांगाडा आहे. उथळ, उबदार समुद्रातले कित्येक प्रवाळ अंगात शेवाळ सांभाळतात आणि त्याच्याच अन्नावर जगतात. पाणी फार तापले की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरे पडते, आणि ताप टिकला तर मरते.

मुंबईत वरळी व हाजीअलीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. किनारा रस्त्याच्या भरावाआड येणाऱ्या काही वसाहती 2020 साली उचलून दुसरीकडे बसविल्या. कायद्यात वाघाच्याच यादीत त्यांचे नाव, म्हणून आधी परवानगी घ्यावी लागली.

कोणी म्हणेल, कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरणाऱ्याला याचे काय? (त्याला तो रस्ता तरी काय कामाचा, ते राहू द्या.) रस्त्याला मी नावे ठेवीत नाही. भरावात गाडण्यापेक्षा हलविणे बरेच. पण हलविले म्हणजे देणे फिटले, हे पटत नाही. आपल्या शहापुरात हे समजावून सांगायला नको. मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणात ज्यांची शेते बुडाली, त्यांना दुसरीकडे जागा दिली तरी कोणी उपकार म्हणेल का? प्रवाळ तर तक्रारही करीत नाही. बसविल्या दिवशीचा आकडा छापून येतो. पुढे किती जगले, ते दरवर्षी ओहोटीला खडकावर उतरून मोजावे लागते.