वर्षावास चिंतन : पटाचारा आणि कोसळलेलं घर



काल चिंतन लिहायचं राहिलं. ऐरोलीहून निघायलाच उशीर झाला आणि ठाण्याला बदलापूर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गाड्या सोडल्या. तिसरीत दाराजवळ उभी राहून येताना पटाचारा डोक्यात होती. तिची गोष्ट मी लहानपणापासून विहारात ऐकतेय, पण त्या गोष्टीतलं घर मला या वर्षापर्यंत दिसलंच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत आणि गोष्ट अट्ठकथेत. श्रावस्तीच्या एका श्रीमंत घरातली ही मुलगी. घरातल्याच नोकरावर तिचं प्रेम बसतं, दोघं पळून जातात आणि लांबच्या गावी संसार थाटतात. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी निघते, तर वाटेत वादळ आणि पाऊस. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा साप चावून मरतो. ती रात्र ती दोन्ही लेकरांना अंगाखाली घेऊन काढते. सकाळी पुढे अचिरवती नदी, दुथडी भरलेली. दोघांना एकदम नेता येईना म्हणून मोठ्याला अलीकडे बसवते, तान्ह्याला पलीकडे ठेवून परत फिरते. ती मधोमध असताना पक्षी तान्ह्यावर झडप घालतो. हात वर करून ती ओरडते. मोठ्याला वाटतं, आई बोलावतेय. तो पाण्यात उतरतो.

आणि मग ते घर. श्रावस्तीच्या वाटेवर भेटलेला माणूस तिला सांगतो की काल रात्रीच्या पावसात तुझ्या माहेरचं घर पडलं, आई, वडील, भाऊ तिघंही गेले, तो बघ चितेचा धूर.

विहारात ही गोष्ट सांगताना सगळा भर साप आणि नदीवर असतो. घर पडतं एका वाक्यात. पण आपण उल्हासनगरची माणसं. २०२१ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत आपल्याकडे दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरचा स्लॅब खाली येताना मधले सगळे घेऊन आला. दोन्ही वेळा माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नीट झोपलं नाही. सगळे झोपताना आधी वर बघायचे.

नदीचंही तसंच. परवाच्या शनिवारी २६ जुलैला वीस वर्षं झाली. २००५ ला मी शाळेत होते. बदलापूरला उल्हास नदी घराघरांत शिरली होती आणि आमच्याकडे वालधुनी. एरवी वालधुनीला कुणी नदी म्हणत नाही, नाला म्हणतात. त्या रात्री ती नदी झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून खालच्या दोन कुटुंबांना आईने वर बोलावलं होतं. एवढ्या लोकांची खिचडी तिने मेणबत्तीच्या उजेडात केली. त्या रात्रीपासून हे घर म्हणजे आमच्यासाठी न बुडणारी जागा झालं. घराला चिकटणं असं सुरू होतं बघा, एखाद्या चांगल्या आठवणीपासून.

आता खरं सांगायचं ते सांगते. गेल्या डिसेंबरमध्ये रात्री आमच्या स्वयंपाकघरात छताचा पोपडा पडला. पोपडा म्हणतेय, पण ताटाएवढा तुकडा होता आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली. आई जिथे बसून भाकऱ्या थापायची, बरोबर तिथे. आई २०२० च्या वर्षावासात गेली. म्हणजे तिथे कुणी नव्हतं. पण मी त्या तुकड्याकडे बघत किती वेळ उभी होते, मला माहीत नाही.

मग स्ट्रक्चरल ऑडिट झालं. सी-वन. म्हणजे अतिधोकादायक, राहण्यायोग्य नाही, रिकामी करून पाडायची.

पप्पा म्हणाले, “तीस वर्षं उभी आहे. कुठे जात नाही.”

मी हर प्रकारे सांगितलं. भाडं मी देईन म्हटलं. बदलापूरला दोन ठिकाणी घर बघून आले, फोटो दाखवले. शेवटी एक दिवस आवाज चढवून बोलले, “पप्पा, रोज वंदनेत अनित्य म्हणता ना? फूल वाहताना म्हणता ना, हे फूल कोमेजतं तसं हे शरीर? मग चार भिंती का सुटत नाहीत तुमच्याच्याने?”

पप्पा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “फुलाला तू रोज बदलतेस. तुझ्या आईला कोण बदलणार?”

त्या रात्री मी जेवले नाही. त्यांच्यावर रागावून नव्हे. मला माझीच लाज वाटत होती. धम्मातली सगळ्यात खोल गोष्ट मी माझ्या बापावर काठीसारखी उगारली होती.

म्हणून पटाचारा पुन्हा वाचली, आणि या वेळी घर पडल्यानंतर काय होतं ते नीट वाचलं. दुःखाने ती भान हरपते. अंगावर वस्त्र उरत नाही. लोक वेडी म्हणून तिला ढेकळं मारतात. तशीच ती भगवंत देशना देत होते तिथे येते. लोक तिला अडवतात, भगवंत म्हणतात, अडवू नका. ती जवळ येते तेव्हा ते तिला बहीण म्हणून हाक मारतात आणि भानावर ये, एवढंच सांगतात. तिला आपण उघड्या आहोत हे कळतं, ती खाली बसते. गर्दीतला एक माणूस आपलं उपरणं तिच्याकडे टाकतो. ती ते गुंडाळून घेते. आपली सगळी कहाणी ती सांगते आणि भगवंत ती पूर्ण ऐकून घेतात. त्यानंतर धम्म येतो. मरणाच्या वेळी मुलं-नातेवाईक आसरा देऊ शकत नाहीत, हे ते तिला त्यानंतर सांगतात.

क्रम लक्षात घ्या. आधी हाक, मग वस्त्र, मग ऐकून घेणं, आणि सगळ्यात शेवटी अनित्य. मी थेट शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली होती. आपल्या वयाची आपण पोरं हे फार करतो असं मला वाटतं. दहा दिवसांचं एक शिबिर करून येतो, दोन पुस्तकं वाचतो, आणि मैत्रिणीचं ब्रेकअप झालं की तिला मेसेज पाठवतो, “सगळं अनित्य आहे, लेट गो कर.” उपरणं कुणी टाकत नाही.

दुसरी गोष्ट मात्र पप्पांच्या बाजूने नाही, आणि ती लिहिलीच पाहिजे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक वाक्य फार चालायचं. “जे व्हायचं ते होणार. एक दिवस सगळ्यांनाच जायचंय.” ऐकायला अनित्यासारखंच वाटतं. पण हे अनित्य नाही, हा आळस आहे आणि थोडी भीतीसुद्धा. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांचा शेवटचा उपदेश दोन भागांत आहे. संस्कार नाशवंत आहेत, हा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. म्हणून अप्रमादाने, सावधपणे आपलं काम पूर्ण करा, हा दुसरा भाग आपण गाळतो. पहिला भाग एकटा घेतला की माणूस सी-वन बिल्डिंगमध्ये निवांत झोपतो. खराब रेतीचा स्लॅब पडला तर त्याला निसर्गनियम म्हणायचं नसतं. त्याला कारणं असतात आणि कारणं दुरुस्त करता येतात. प्रतीत्यसमुत्पाद आपण शिकतो तो यासाठीच ना?

बाबासाहेबांनीही अनित्यता अशीच मांडली आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या तिसऱ्या खंडात, सर्व संस्कार अनित्य आहेत हे मानणं म्हणजे धम्म, असं एक प्रकरण आहे. त्यात रडगाणं नाही. गोष्टी बदलतात म्हणूनच वाढ शक्य आहे, हा त्यातला धागा. आपल्या आजोबा-पणजोबांसाठी तर ही जगातली सगळ्यात चांगली बातमी होती. जन्माने चिकटलेली पायरी नित्य नाही!

आणि हे लिहिणारा माणूस दुःख न पाहिलेला नव्हता. बाबासाहेब आणि रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपलं दुःख लपवलेलं नाही. पुढच्याच मार्चमध्ये, २० मार्च १९२७ ला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. दुःख संपलं होतं म्हणून ते गेले असतील, असं मला वाटत नाही. ते सोबत घेऊनच गेले असतील.

आता पुन्हा आमच्या घराकडे. पप्पांना हलवलं ते माझ्या कुठल्याही युक्तिवादाने नाही. तळमजल्यावरचे सिंधी काका सगळ्यांत आधी बाहेर पडले. त्यांचे आईवडील फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आले तेव्हा बॅरेकमध्ये राहिले. त्या छावणीचंच १९४९ ला उल्हासनगर झालं. सामान टेम्पोत चढवताना काका पप्पांना म्हणाले, “मेरे बाप ने पूरा सिंध छोड़ा था भाऊ, मैं एक फ्लैट नहीं छोड़ सकता?” पप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. वर आल्यावर मला म्हणाले, “ते बदलापूरचं घर कितव्या मजल्यावर आहे म्हणालीस?”

माझ्याकडून एकच गोष्ट बरी झाली. त्या रात्रीनंतर मी वाद घालणं बंद केलं आणि रविवारी त्यांच्यासोबत आईची भांडी काढायला बसले. आईचं नाव कोरलेलं एकेक भांडं हातात घ्यायचं आणि ते कुठून आलं ते पप्पांनी सांगायचं. हा डबा अंबरनाथच्या बाजारातला, कंपनीत पहिला बोनस मिळाला तेव्हाचा. ही परात लग्नातली. सहा रविवार लागले. कुठली भांडी ठेवायची आणि कुठली मावशीला द्यायची हे त्यांनीच ठरवलं. आपण मराठीत म्हणतो बघा, “सोडवत नाही.” सोडत नाही, असं म्हणत नाही. हात उघडायचा असतो, पण उघडत नाही. अशा हाताला हिसका देऊन उपयोग नाही.

पटाचारेने पुढे काय केलं तेही बघा. ती भिक्खुणी झाली आणि विनयात पारंगत म्हणून भगवंतांनी तिला अग्रस्थान दिलं. स्वतःचं मूल गमावलेल्या कितीतरी बायका तिच्याकडे येत. पण तिला स्वतःला उमगलं ते पाय धुताना. ओतलेलं पाणी थोडं वाहून मुरलं, पुन्हा ओतलं तर जरा पुढे गेलं, तिसऱ्यांदा आणखी पुढे, आणि तेही मुरलं. तिने फक्त पाहिलं. ज्या पाण्याने तिचं मूल नेलं, त्याच पाण्याकडे ती शांतपणे बघू शकली. मग ती खोलीत गेली, बिछाना तपासला, खाटेवर बसली आणि सुईने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला आणि तिचं मन मोकळं झालं. दिवा वाऱ्याने विझला नाही. तिने स्वतःच्या हाताने, बेताने वात ओढली.

हे करून बघायचं असेल तर सकाळच्या वंदनेपासून सुरुवात करा. नवीन फूल वाहण्याआधी कालचं फूल हातात घ्या आणि दोन मिनिटं बघा. आपण ते घाईत उचलून पिशवीत टाकतो. कडा कुठून काळ्या पडल्यात, वास कसा बदललाय, आणि ते टाकताना मनात काय होतं, एवढंच बघायचं. डोळे भरले तर भरू द्यात. रडू येणं म्हणजे साधना चुकली असं नाही.

आम्ही एप्रिलअखेर बदलापूरला आलो. घोडे बदलायचं ठाणं म्हणून बदलापूर, असं लोक सांगतात. पप्पा आता सगळ्यांना सांगतात, “नावातच बदल आहे.” पण पहिला महिना ते रोज सकाळी गाडी पकडून जुन्या बिल्डिंगसमोर जाऊन उभे राहायचे. मी विचारलं नाही. आता आठवड्यातून एकदा जातात.

एक गोष्ट राहिलीय. आई वर्षावासात रोज रात्री ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायची, आणि थांबेल तिथे समासात पेन्सिलने तारीख टाकायची. २०२० ची शेवटची तारीख दुसऱ्या खंडात आहे. गेली चार वर्षं पप्पा आषाढी पौर्णिमेला वाचायला सुरुवात करतात, त्या तारखेपर्यंत येतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानावर जातात. मला वाटायचं त्यांना उजळणी आवडते. भांडी आवरताना पुस्तक माझ्या हातात आलं तेव्हा कळलं.

ते पान आज रात्री येतंय. मी काही बोलणार नाही, नुसती शेजारी बसणार आहे. त्यासाठी ७.४० च्या आधीची गाडी मिळायला हवी.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.