ऊन सर्वांवर, सावली कोणाला?

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

सज्जनहो, वैशाख लागला, अंगाची लाही होऊ लागली, विहिरींनी तळ दाखवला, की पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "महाराज, पूर्वी असा उन्हाळा नव्हता. हा देवाचा कोप म्हणायचा का?" प्रश्न भोळा आहे, पण उत्तर भोळेपणाने देऊन चालणार नाही. एकदा देवाचा कोप म्हटला, की माणूस हात जोडून स्वस्थ बसायला मोकळा होतो, आणि स्वस्थ बसणे हे काही वारकऱ्याचे लक्षण नव्हे. म्हणून आज याच प्रश्नाचे निरूपण करू.

प्रथम हे ध्यानात घ्या, की ऋतूंनी माणसाची परीक्षा पाहिली ती काही आजच नव्हे. १८१६ साली तर युरोप आणि अमेरिकेत उन्हाळाच हरवला होता. आदल्या वर्षी, १८१५ च्या एप्रिलात, इंडोनेशियातील सुंबावा बेटावरचा तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याचा धूर आणि गंधकाचे सूक्ष्म कण आकाशात फार उंच गेले, पृथ्वीभर पसरले आणि सूर्याच्या तेजाला जणू पडदा लागला. अमेरिकेच्या ईशान्य भागात जून महिन्यात बर्फ पडले. युरोपात पीक शेतातच कुजले, भाकरी महागली, गोरगरीब अन्नाला मोताद झाले. त्या लोकांनीही देवाचा कोप म्हटले असेल. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की हजारो कोस दूर एक डोंगर फुटला आहे! कारण कळले नाही म्हणजे ते नव्हते असे नाही.

आणि आजच्या उन्हाचे कारण तर आपल्याला कळलेलेही आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, तो पृथ्वीची ऊब कोंडून धरतो. मोजणी सुरू झाल्यापासून २०२४ इतके तापलेले वर्ष दुसरे नोंदलेले नाही. घोंगडी आपणच पांघरायची आणि उकडते म्हणून देवाला बोल लावायचा, हा कुठला न्याय?

आता आपल्या घरचा इतिहास पाहू. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, तो फार भयंकर. पाऊस दडी मारून बसला, आणि पुढे पडला तो असा, की उरलेसुरलेही वाहून गेले. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्या हाहाकाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. याच दुष्काळात देहूच्या तुकोबारायांचे दुकान बसले, गुरेढोरे गेली, पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, लहानगा संतू गेला. माउलीहो, ज्याच्या घरी असे घडले त्याला 'देवाचा कोप' म्हणण्याचा अधिकार आपल्यापेक्षा कितीतरी अधिक होता. तुकोबांनी काय केले? परंपरा सांगते, की त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते बाहेर काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. ज्याच्या स्वतःच्या घरी दाणा नव्हता, त्याने दुसऱ्याच्या मानेवरचे जोखड काढले. असा दुष्काळ आपण पाहतो तेव्हा हिशेब काढतो, आणि तुकोबांनी पाहिला तेव्हा हिशेब बुडवला!

त्याआधी, पंधराव्या शतकात, मंगळवेढ्याला दामाजीपंत होते. दुष्काळात लोक पाय खोडून मरू लागले तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारे रयतेला मोकळी केली. पुढे विठोबा स्वतः महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी पैसा भरायला गेला, ही कथा आपण कीर्तनात नित्य ऐकतो आणि विठोबाच्या धावण्याचे नवल करतो. पण अहो, देव धावला तो मागाहून, आधी दामाजींनी कुलूप काढले होते!

यावर कोणी म्हणेल, "महाराज, ही दुष्काळाची गोष्ट झाली. नुसत्या उन्हाला आम्ही काय करणार?" तर ऐका. पैठणला नाथमहाराज मध्यान्हीच्या स्नानाला गोदावरीवर गेले असता एक लेकरू तापलेल्या वाळूत पोळत, रडत असलेले त्यांना दिसले. लेकरू गावकुसाबाहेरचे. त्या काळी त्याची सावलीही लोक टाळीत. नाथांनी स्नानाचा विचार केला नाही की सोवळ्याचा नाही. त्याला उचलून कडेवर घेतले, नाक पुसले आणि त्याच्या घरी पोचते केले. आणि रामेश्वराला घालायची कावडीतली गंगा त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? तात्पर्य काय? ऊन सर्वांवर सारखे पडते, परंतु सावली सर्वांना सारखी मिळत नाही. ऊन निसर्गाच्या हाती असेल, सावली वाटणे मात्र आपल्या हाती आहे.

हे केवळ भाविकपणाने सांगत नाही, हिशेबही तेच सांगतो. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरात उष्म्याची लाट आली आणि काही दिवसांत ७०० हून अधिक माणसे दगावली. पुढे क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने २००२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटी राहणारी म्हातारी माणसे पुष्कळ, ऊन तर एकच. पण एका वस्तीत दुकाने बंद पडलेली, रस्ते ओस, भीतीने दारे लावलेली. दुसरीत बाजार भरलेला, माणसांची ये-जा, म्हातारी माणसे घराबाहेर पडणारी. पहिल्या वस्तीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या सुमारे दहापट निघाले! शेजार म्हणजे काय, हे यावरून समजा.

२००३ च्या ऑगस्टात फ्रान्स देशात उष्म्याने सुमारे १५,००० माणसे गेली. त्यांत वृद्ध फार. मुलेबाळे सुटीवर गेलेली, शेजारी गावाला, डॉक्टरही रजेवर. पॅरिसमध्ये ५७ प्रेते अशी उरली, की न्यायला कोणी आलेच नाही. त्यांच्या दफनाला देशाचे राष्ट्राध्यक्ष स्वतः जाऊन उभे राहिले. श्रीमंत देश, औषधपाण्याला तोटा नाही, पण "आजी, पाणी प्यालीस का?" असे विचारणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले. पण तिथल्या लोकांनी हात जोडून बसणे पत्करले नाही. २०१३ पासून त्यांनी बेत आखला. लाट येण्याआधी दवंडी, जागोजागी पाणी, दवाखान्यांत आधीपासून तयारी. देशातला हा पहिला प्रयत्न, आणि तो पाहून इतर शहरेही पुढे सरसावली. हीही एक पाणपोईच, फक्त शहराएवढी.

आता थोडे कडू बोलतो, रागावू नका. श्रद्धा असली म्हणजे ऊन लागत नाही, असे आपल्यातले काही जण मानतात. २०२३ च्या १६ एप्रिलला नवी मुंबईच्या खारघरला उघड्या मैदानावर भर दुपारी सोहळा झाला. लाखो भाविक जमले होते, त्यांतली १४ माणसे गेली. २०२४ च्या जूनमध्ये मक्केच्या यात्रेत १,३०० हून अधिक यात्रेकरू उष्म्याने दगावले. त्यांतले बहुतेक असे, की ज्यांना सावलीची सोय नव्हती. या माणसांची श्रद्धा काय कमी होती? श्रद्धा मनाला बळ देते, देहाला मात्र पाणीच द्यावे लागते.

आपली वारीही यातून सुटलेली नाही. चैत्री वारी तर भर उन्हातलीच. आणि २०२३ साली माउलींची पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली, पाऊस मुंबईला पोचला २५ जूनला, आषाढी होती २९ ला. म्हणजे बहुतेक वाट कोरड्या आभाळाखाली तुडवली. असे पुन्हा होणार आहे, तेव्हा नेम आधीच करावा.

काय नेम करावा? पहाटे लवकर चालावे, माध्यान्ही विसावा घ्यावा. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी घेत जावे. दिंडीतले वृद्ध आपल्यामागे किती राहिले, हे विणेकऱ्याने नव्हे, प्रत्येक टाळकऱ्याने पाहावे. कोणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून भट्टी झाले, तर 'अंगात आले' म्हणून पाया पडू नका! त्याला तात्काळ सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि ताबडतोब दवाखान्यात पोचवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. निर्जला एकादशी ज्येष्ठातली. ज्याची प्रकृती क्षीण आहे त्याने पाणी प्यावे, आणि घरच्यांनी त्याला आग्रह करून पाजावे. नाथांनी गाढवाला पाजले, तुम्ही आपल्या आईला पाजायला भिता?

पंढरीला गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत विठुरायाला चंदनउटी लावतात. देवाला ऊन लागते, हा भक्ताचा भाव किती गोड! पण भागवतधर्माचा सिद्धांत असा, की जो विटेवर उभा आहे तोच सर्वांच्या घटी आहे. मग रस्त्यावर खडी फोडणारीच्या अंगाला जी झळ लागते ती कोणाला लागली? डांबराच्या पिंपाशी उभा असतो तो कोण? त्याला तांब्याभर गार पाणी, घटकाभर ओसरी, वर 'बस माउली' एवढा शब्द, हीच त्या सावळ्याची उटी. चंदन उगाळायला सहाण लागते, यासाठी फक्त दाराची कडी काढावी लागते.

तेव्हा पारावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : देव कोपला की नाही ते देव जाणे. तुमच्या आळीत एकटा राहणारा म्हातारा आज पाणी प्याला की नाही, ते मात्र तुम्ही जाणले पाहिजे. या उन्हाळ्यात दारी एक रांजण भरून ठेवा, पाऊस लागताच वाटेकडेला एक झाड लावा, आणि दुपारी एक वाजता शेजारचे दार एकदा ठोठवा. नाम मुखी असू द्या, तांब्या हाती असू द्या. पांडुरंग तुम्हां आम्हां सर्वांकडून ही सेवा करवून घेवो.

॥ रामकृष्णहरि ॥