यंत्राच्या आधी

संगणकशास्त्र शिकू पाहणाऱ्याला आपण पहिल्याच दिवशी कीबोर्डसमोर बसवतो आणि एखाद्या भाषेचे नियम घोकायला लावतो. मी त्याला आधी कागद-पेन्सिल देईन आणि पिंगलाच्या छंदःशास्त्रातला एक हिशेब करायला सांगेन.

सहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूच्या रचना किती? दोनाचा सहावा घात, म्हणजे 64. अक्षरं वाढत गेली की दोनाने गुणत राहायचं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पिंगलाने हे श्रम वाचवणारी रीत सूत्रांत बांधली. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, असं शून्यापर्यंत उतरा. मग एकापासून सुरुवात करून उलट चढा: जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मं केलं होतं तिथे वर्ग करा. 100 अक्षरांसाठी शंभरदा दुप्पट करण्याऐवजी 9 पायऱ्या पुरतात. 1000 साठी 15. संख्या दसपट झाली, कष्ट मात्र सहाच पायऱ्यांनी वाढले. हे स्वतः मोजून पाहिलेल्या मुलाला या शास्त्राचा गाभा कळलेला असतो: उत्तर एकच असलं तरी तिथवर पोचण्याच्या वाटा सारख्या नसतात, आणि कुठली किती लांब हे चालण्याआधी सांगता येतं. पिंगलाला संगणक ठाऊक होता असल्या बढाया कशाला हव्यात? ही रीत आहे तशीच थोर आहे.

रीत पाळणाऱ्याला छंद कळावे लागत नाहीत, सांगितलं तेवढं केलं की झालं. अ‍ॅलन ट्युरिंगने 1936 सालच्या एका निबंधात या सांगकाम्याचाच विचार केला. चौकटींच्या कागदावर आकडेमोड करणारा माणूस नेमकं काय करतो? मोजक्या चौकटी बघतो, एखादं चिन्ह खोडतो, दुसरं लिहितो, शेजारी सरकतो. एवढ्यातून ट्युरिंगने एक काल्पनिक यंत्र रचलं. मग असंही एक यंत्र दाखवलं, जे दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन वाचून हुबेहूब त्याच्यासारखं वागेल. आज एकाच फोनवर हिशेबही होतो आणि गाणंही वाजतं, त्याचं मूळ इथे आहे.

त्याच निबंधात त्याने या यंत्रांची सीमाही सिद्ध केली. दोनाहून मोठी, पण दोन मूळ संख्यांच्या बेरजेत न मावणारी सम संख्या सापडेपर्यंत शोधत राहा, असा प्रोग्रॅम काही ओळींत लिहिता येतो. तो कधी थांबेल का? गोल्डबाखने 1742 मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून पुढे आलेला हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मग कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे अचूक सांगणारा एखादा पंच-प्रोग्रॅम का लिहू नये? समजा, लिहिला. आता दुसरा असा लिहू, जो पंचाला स्वतःबद्दलच विचारतो आणि निकालाच्या उलट वागतो: ‘थांबेल’ म्हटलं की चालत राहतो, ‘थांबणार नाही’ म्हटलं की थांबतो. पंच दोन्हीकडून चुकतो. म्हणजे असा पंच असूच शकत नाही, यंत्र कितीही वेगवान असो.

एवढी सिद्धता नववीतल्या मुलीला एका दुपारी समजते. आपण ती पदवीच्या वर्गापर्यंत लांबवतो. मी ती पिंगलाच्या पाठोपाठच शिकवेन.