प्रार्थनेची हमी

1974 सालच्या एका नियमपुस्तिकेत सामानाचं दरपत्रक आहे. लाकडी क्रॉस 2 सुवर्णमुद्रा, चांदीचा क्रॉस 25, पवित्र जलाची कुपी 25, लसूण 5. ही पुस्तिका ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे त्याचं गाव. ज्या खेळाच्या पहिल्याच यादीत क्रॉस होता, त्याच्यावर दहा वर्षांच्या आत सैतानपूजेचा आरोप झाला. हे कसं घडलं आणि त्यात खरा प्रश्न कोणता निसटला, याचा विचार आज आपल्याकडेही व्हायला हवा. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहून आपली मुलंही आता वीस बाजूंचे फासे घेऊन बसू लागली आहेत.

खेळाची रीत साधी आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या डोक्याने निर्णय घ्यायचे. ‘डंजन मास्टर’ नावाचा सूत्रधार भोवतालचं जग उभं करतो. बेत तडीस गेला की फसला, ते फासे सांगतात.

मूळ खेळात पात्रं तीन प्रकारची होती : योद्धा, मांत्रिक आणि क्लेरिक. क्लेरिक म्हणजे शस्त्र धरणारा धर्मगुरू. त्याने धारेचं हत्यार वापरायचं नाही, गदा चालते. त्याच्यापुढे पिशाच्चं मागे हटतात. त्याच्या मंत्रांमध्ये काठ्यांचे साप करणं आहे, अन्न निर्माण करणं आहे, मेलेल्याला उठवणं आहे. बायबल वाचलेल्याला इथे मोशे आणि येशू लगेच ओळखू येतात. म्हणजे हा खेळ धर्माच्या कथांवरच पोसलेला होता. गायगॅक्स स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. पुढे ‘ड्रॅगनलान्स’ रचणारे ट्रेसी हिकमन हे श्रद्धाळू मॉर्मन.

तरीही वादळ उठलं. 1979 च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला 16 वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना तो हरवला असावा, अशी शंका शोधावर नेमलेल्या खासगी गुप्तहेराने बोलून दाखवली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. मुलगा महिनाभराने लुइझियानात सापडला. तो मनाने खचलेला होता आणि त्याच्या दुःखाची मुळं खेळाबाहेर होती, पण तोवर गोष्ट सर्वतोमुखी झाली होती. 1982 मध्ये व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. खेळात मिळालेल्या शापाने त्याचा बळी घेतला, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी खटला भरला, तो टिकला नाही. मग त्यांनी खेळाविरुद्ध संघटनाच काढली. 1984 मध्ये जॅक चिक यांनी छापलेल्या एका प्रचारी चित्रकथेत शेवटी खेळाच्या पुस्तकांची होळी दाखवली होती. 1985 मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने हा वाद घराघरांत नेला. अखेर 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने दैत्य आणि सैतान यांची नावंच बदलून टाकली.

पोटचं पोर गमावलेल्या आईच्या शोकाला कुणी नावं ठेवू नयेत. पण त्या शोकाला तयार उत्तर पुरवणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा. मुलांना कल्पना आणि वास्तव यांतला फरक कळेनासा होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. टेबलावरच्या मुलांना तो फरक नीट कळत होता. खेळ आटोपला की ती वह्या मिटून घरी जात. कागदावरचा शाप खरा मानला तो टेबलाबाहेरच्या मोठ्या माणसांनी.

या गदारोळात धर्माच्या बाजूने विचारावा असा एक खरा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. या खेळात सैतान आहेत हे फारसं बिघडत नाही. सैतान तर धर्मग्रंथांतही आहेत. या खेळात देव कसा आहे, ते पाहायला हवं.

1980 च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ या पुस्तकात देवांची जंत्री आहे. झ्यूस आणि ओडिन यांच्या जोडीला आपले इंद्र, विष्णू आणि कालीही आहेत. प्रत्येकाला किती घाव सोसतील याचा आकडा आहे, चिलखताचा दर्जा आहे. ख्रिस्ती देवाला मात्र ती मोजपट्टी लावलेली नाही. ग्रीस आणि स्कँडिनेव्हियातले ते जुने धर्म लोकांच्या जगण्यातून गेले. विष्णू रोज कोट्यवधी घरांत पूजला जातो. दोघांना एकाच रांगेत बसवणाऱ्यांना आपल्या श्रद्धेचं पावित्र्य कळत होतं, दुसऱ्याच्या श्रद्धेचं कळलं नाही. माझ्या मते हा आक्षेप सैतानपूजेच्या आरोपापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

त्याहून खोल गोष्ट प्रार्थनेची. क्लेरिक विश्रांती घेतो, प्रार्थना करतो आणि ठरलेले मंत्र त्याच्या पदरात पडतात. 2014 च्या नियमांत एक जागा वेगळी होती. दहाव्या पायरीवर पोचलेला क्लेरिक थेट देवाचा धावा करू शके, पण देव धावून येण्याची शक्यता शंभरात दहा. पायरीगणिक ती वाढत जाई आणि विसाव्या पायरीवर हमखास होई. 2024 च्या नव्या नियमांत दहाव्या पायरीलाही फासा टाकावा लागत नाही. धावा करा, देव पावलाच.

आपल्या संतांना अशी हमी कधीच नव्हती. नामदेव विठ्ठलावर रुसले, जनाबाईंनी त्याला खडसावलं, तुकोबांनी त्याच्याशी कडाकडा भांडण मांडलं. ही सारी उत्तराची शाश्वती नसलेल्या माणसांची भाषा आहे. शाश्वती नसताना टिकते तिलाच श्रद्धा म्हणतात. देव हजर असल्याचा पुरावा खिशात असेल तर उरतो तो व्यवहार. म्हणून हा खेळ मुलांना धर्मभ्रष्ट करतो असं मला वाटत नाही. धर्म म्हणजे हुकमी शक्ती, ही चुकीची समजूत तो पक्की करू शकतो, एवढाच त्याचा धोका. तीच समजूत नवसाचे दर ठरवणारे बुवा-बापू खेळाविनाच पसरवत असतात.

एवढं असूनही मी या खेळाच्या बाजूने आहे. पकडलेल्या शत्रूला मारायचं की सोडायचं, यावर पाच मुलं टेबलाशी तावातावाने वाद घालतात, तेव्हा तिथे नीतीचाच अभ्यास चालू असतो. शिवाय दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणं धर्माला परकं नाही. कोकणातल्या दशावतारात संकासुर रंगमंचावर येऊन लोकांना हसवतो, म्हणून गावाची देवावरची भक्ती कमी झालेली नाही.

तेव्हा पालकांना माझी एक विनंती आहे. घरात हा खेळ आला तर बंदी घालण्याआधी एक डाव मुलांबरोबर खेळा, आणि क्लेरिकचं पात्र तुम्ही घ्या. मग मुलांना विचारा : देवाने हाकेला ओ दिली नाही, तर हा क्लेरिक काय करील? त्या प्रश्नावर जी चर्चा होईल ती कुठल्याही बंदीपेक्षा मुलांना धर्माच्या अधिक जवळ नेईल.