सेवेचा अधिकार

सेवा करणाऱ्याच्या चित्तशुद्धीसाठी असते की घेणाऱ्याच्या हितासाठी, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात जुनाच आहे. परंतु युरोप-अमेरिकेतील वैद्यकाचे विद्यार्थी काही आठवड्यांपुरते आफ्रिकेतील रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्यापासून त्याला व्यवहाराची धार आली आहे. मलावीचे उदाहरण घेता येईल. तेथील सरकारी रुग्णालयांत परिचारिका अपुऱ्या असल्याने रोग्यासोबत घरचे एखादे माणूस राहते, ज्याला तेथे ‘गार्डियन’ म्हणतात. रोग्याचे अंग पुसणे, त्याला कुशीवर वळवणे, कपडे धुणे, चुलीवर मक्याच्या पिठाची घट्ट ‘न्सिमा’ शिजवून भरवणे हे सारे त्याच्याकडे, बहुधा तिच्याकडे, असते. अशा वॉर्डात राउंडला उभ्या राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला चिचेवा भाषा येत नसली, तर ‘कुठे दुखते’ एवढे विचारण्यासाठीही परिचारिकेला हाक मारावी लागते, म्हणजे जिचा भार हलका करण्यासाठी तो आला तिच्याच कामात भर पडते. नाडी मोजून तक्त्यावर लिहिणे, स्ट्रेचर ढकलणे, तपासणीचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, एवढेच काम खरे म्हणजे त्याच्या वाट्याचे. पण दिवस चढतो, डॉक्टर दुसरीकडे अडकतो, आणि मायदेशी जी जखम देखरेखीवाचून शिवू दिली नसती ती शिवण्याची सुई त्याच्या हाती येण्याचा प्रसंग उभा राहतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना परतफेडीची अपेक्षा नसणे आणि देश, काल व पात्र यांचा विचार असणे, अशा दोन्ही अटी घातल्या आहेत. पात्र म्हणजे दान घेण्यास योग्य व्यक्ती. घेणाऱ्याची योग्यता अशी तपासली जाते. देणाऱ्याची मात्र हेतू शुद्ध ठरला की गृहीत धरली जाते. वास्तविक वेदान्तात ‘अधिकार’ ही कल्पना, म्हणजे एखादे कार्य हाती घेण्यास लागणारी सिद्धता, ग्रंथारंभीच विचारात घेतात, आणि ग्रंथ वाचण्याला जी अट लागते ती दुसऱ्याच्या देहाला हात लावण्याला लागू नये, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानली, तर इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ साली मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावरच सुनावले की पाहायला, फिरायला, शिकायला खुशाल या, मदत करायला येऊ नका. दोघांचा विरोध दिसतो तितका खोल नाही. टिळकांना अभिप्रेत असलेली शुद्ध बुद्धी म्हणजे नुसता कळवळा नव्हे, तर ‘आत्मौपम्य’, म्हणजे दुसऱ्याच्या सुखदुःखाचे माप आपल्यावरून घेणारी साम्यबुद्धी होय. आपल्या आईची जखम अर्ध्या शिक्षणावरचा, तिची भाषा न जाणणारा परका मुलगा एकट्याने शिवत असेल तर चालेल काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल आणि तरीही विद्यार्थी सुई हाती घेत असेल, तर त्याची बुद्धीच अजून शुद्ध झालेली नाही. इलिचचा आक्षेप कठोर खरा, पण त्यात शिकण्याला मज्जाव नाही, आणि नेमकी तीच बाजू बहुधा विसरली जाते.

परदेशी सेवेला अर्थच नाही, असा याचा अर्थ नव्हे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले ते पदवी घेऊन. तेथे ते चिनी भाषा शिकले, त्यांनी युद्धक्षेत्रातील रुग्णालय चालवले आणि १९४२ साली ते तेथेच वारले. त्यांचा मोठेपणा त्यागात होता तसाच या सिद्धतेतही होता. विद्यार्थ्याने त्यांची बरोबरी करावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र आपण शिकायला आलो आहोत हे त्याने रोग्याला आणि गार्डियनला त्यांच्या भाषेत सांगण्याची व्यवस्था करावी, आणि त्यांना नकार देण्याची मोकळीक ठेवावी. देखरेखीवाचून हाती घेतलेली सुई, हेतू कितीही निर्मळ असला तरी, सात्त्विक दानाच्या लक्षणात बसत नाही.